पाटे वाढवण्याआधी कंबरेचा विचार करा

आजच्या लेखाचा विषय पाहून काहींना वाटेल, डॉक्टरांनी गॅरेज उघडलं की काय! तसं नाही. पण आमच्या जुन्नर-आंबेगाव भागात कंबरदुखी घेऊन येणाऱ्यांमध्ये पिकअप चालवणारे इतके असतात, की गाडीच्या पाट्यांबद्दल बोलल्याशिवाय त्यांच्या पाठीबद्दल पूर्ण बोलता येत नाही. हे मला उशिरा कळलं, आणि ते एका पेशंटच्या बायकोमुळे कळलं.

पेशंट अडतीस वर्षांचा. स्वतःची पिकअप, तिचे हप्ते चालू. संध्याकाळी नारायणगावात टोमॅटो भरायचा, रात्री माळशेज उतरून वाशीच्या मार्केटला पोचवायचा आणि सकाळी रिकामे क्रेट घेऊन परत. कंबर दुखते म्हणून आला. मी तपासलं, गोळ्या दिल्या, व्यायाम सांगितले. महिन्याभरानं पुन्हा आला, तेव्हा एमआरआय केला. गादी थोडी फुगलेली दिसली. मी औषध बदललं. तिसऱ्या वेळी बायको सोबत होती. ती म्हणाली, "डॉक्टर, एक विचारू का? गाडीचे पाटे वाढवल्यापासूनच यांचं दुखणं सुरू झालंय."

तो तिच्यावर जरा चिडलाच. "तिचं काही ऐकू नका, साहेब. पाटे वाढवले म्हणून तर गाडी दगडासारखी झालीय. कितीही माल टाका, बसत नाही."

दगडासारखी. मी ओपीडी संपल्यावर त्याच्या शेजारी बसून रिकाम्या गाडीतून मार्केट यार्डापर्यंत गेलो. दोन गतिरोधक आणि एक उखडलेला पट्टा, बस्स. परत आलो तेव्हा माझीही पाठ बोलत होती. तीन वेळा तपासूनही मी या माणसाला एकदाही विचारलं नव्हतं, की तो दिवसाचे आठ-नऊ तास कशावर बसतो. ती चूक माझी. म्हणून हा लेख.

माझं मत आधीच सांगतो

पिकअपचं सस्पेन्शन निवडताना बहुतेक जण एकच गोष्ट बघतात: भरलेली गाडी मागून किती बसते. माझं म्हणणं आहे, रिकामी गाडी किती उडते तेही बघा. कारण माल उतरवला की वजन जातं, पण वाढवलेला पाटा तसाच राहतो. आणि परतीच्या रस्त्यावर जो धक्का पाटा घेत नाही, तो तुमचा मणका घेतो.

कडक गाडीत पाठीचं काय होतं?

आपल्या कंबरेत पाच मणके आहेत. दोन मणक्यांमध्ये गादी असते: बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. गादीच्या वर-खाली कूर्चेची पातळ थाळी असते. मोठ्या माणसाच्या गादीला थेट रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. या थाळीतूनच पोषण हळूहळू झिरपत आत जातं. वारंवार धक्के बसले की ही थाळी दमते, तिला बारीक तडे जाऊ शकतात आणि गादीची दुरुस्ती मंदावते.

दुसरा भाग स्नायूंचा. प्रत्येक हिसक्याला पाठीचे स्नायू आकसून मणका सांभाळतात. हिसके सावकाश आले तर त्यांना ते जमतं. हिसके भराभर आले की स्नायूंची वेळ चुकते. धक्का येऊन गेल्यावर ते आकसतात, आणि पुढचा धक्का येतो तेव्हा सैल असतात. चार तासांनी ते थकून जातात आणि सगळा भार गादीवर येतो.

आता 'भराभर' म्हणजे किती? बसलेल्या माणसाचं धड सेकंदाला साधारण ४ ते ८ वेळा वर-खाली हललं, की सर्वात जास्त थरथरतं. झोपाळ्याला योग्य वेळी धक्का दिला की तो वाढत जातो, तसंच. या पट्ट्यात सीटवर येणारा हिसका पाठीत पोचेपर्यंत मोठा होतो. आरामदायी कार सेकंदाला एक ते दीड वेळाच हेलकावे घेते, म्हणून ती अंगाला लागत नाही.

पाटे वाढवल्यावर काय होतं ते शाळेतल्या स्प्रिंगच्या नियमानं काढता येतं. गाडीच्या वजनानं पाटे दहा सेंटिमीटर दबत असतील, तर गाडी सेकंदाला सुमारे दीड वेळा हेलकावते. त्याच वजनानं ते फक्त दोन सेंटिमीटर दबत असतील, तर सुमारे साडेतीन वेळा. म्हणजे पाटा जितका कमी दबणारा, तितके हिसके आपल्या पाठीच्या नावडत्या पट्ट्याजवळ. भरलेल्या गाडीत तेच पाटे चांगले दबतात, त्यामुळे चालवणाऱ्याला वाटतं की काम मस्त झालं. खरी परीक्षा परतीच्या प्रवासात असते.

यात आणखी एक भर पडते. पाटे गंजून एकमेकांना चिकटले, की छोट्या खड्ड्यांना ते हलतच नाहीत. मग गाडी पाट्यांवर चालत नाही, नुसती टायरवर उडत राहते. जितके पाटे जास्त, तितकं हे घर्षण जास्त.

युरोपियन युनियननं २००२ साली कामगारांच्या अंगाला बसणाऱ्या कंपनावर नियम केले. आठ तासांच्या कामासाठी ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग ही पातळी ओलांडली, की मालकानं उपाय करायचे आणि १.१५ ओलांडायचीच नाही. आपला पिकअपवाला बहुधा स्वतःच मालक असतो आणि स्वतःच कामगार. त्यामुळे त्याची काळजी त्यालाच घ्यावी लागते.

पण सगळा दोष गाडीचा नाही

हे मुद्दाम सांगतो, नाहीतर उद्या सगळे पाटे काढायला निघतील. कंबरदुखीला अनेक कारणं असतात. सलग बसणं, पोट सुटणं, तंबाखू-सिगारेट, अपुरी झोप, वाकून क्रेट उचलणं. शिवाय एमआरआयमध्ये गादी फुगलेली दिसली म्हणजे दुखणं तिच्यामुळेच आहे असं नाही. काहीही न दुखणाऱ्या विशीतल्या लोकांची तपासणी केली, तरी साधारण ३० टक्के जणांच्या गाद्या फुगलेल्या दिसतात.

पण वय बदलता येत नाही, हप्ते थांबवता येत नाहीत, रस्ता आपल्या हातात नाही. गाडी मात्र हातात आहे. म्हणून तिच्याकडे बघायचं.

मग निवडायचं काय?

मी मेकॅनिक नाही. पण गेल्या दोन वर्षांत पाट्यांचं काम करणाऱ्यांशी, गाडीवाल्यांशी बोलून आणि पेशंटचे अनुभव ऐकून माझा एक क्रम ठरला आहे. पैसे याच क्रमानं खर्च करावेत, असं मला वाटतं.

१. आहे ते आधी नीट करा. शॉकअप गळतोय का बघा. त्याच्या अंगावर तेल आणि धूळ चिकटलेली दिसली, तर तो संपला. टायर जागोजागी खड्डे पडल्यासारखा झिजत असेल, तरीही शॉकअपवर संशय घ्या. पाटा वजन पेलतो, हेलकावे थांबवणं शॉकअपचं काम. गाडी 'उडते' म्हणून पाटा वाढवणं म्हणजे खोकला झाला म्हणून पोटाचं औषध घेणं. बुश, शॅकल, यू-बोल्ट तपासून घ्या. पाटे उतरवून साफ करून पुन्हा बसवले, तरी पुष्कळांना फरक जाणवतो. आणि टायरमधली हवा! भरलेल्या गाडीची हवा ठेवून रिकामी गाडी पळवली, तर टायरही दगडासारखा होतो. कंपनीनं भरलेल्या आणि रिकाम्या गाडीसाठी वेगळे आकडे दिले असतील, तर ते पाळा. रोज दोनदा बदलणं जमत नसेल, तर निदान गरजेपेक्षा जास्त भरू नका.

२. मग सीट. हे कोणी करत नाही आणि स्वस्त हेच आहे. पाच वर्षांच्या सीटचा फोम बसलेला असतो. त्यावर दोन उशा टाकून उपयोग नाही. उशी सरकते आणि तुम्ही तिरके बसता. फोम नवीन, दाट आणि पुरेसा जाड टाकून घ्या. बसल्यावर खालची पट्टी किंवा लोखंड बोचता कामा नये. कंबरेच्या खोबणीला आधार पाहिजे. क्लच पूर्ण दाबल्यावर कंबर पाठीमागच्या टेकूपासून सुटत असेल, तर सीट पुढे घ्या. आणि मागच्या खिशातलं पाकीट काढून ठेवा.

३. खरंच वजनासाठी आधार हवा असेल, तर माल चढल्यावरच काम करणारा आधार निवडा. पुष्कळ पिकअपमध्ये कंपनीकडूनच हेल्पर पाटा असतो. तो रिकाम्या गाडीत मोकळा असतो आणि वजन पडलं की टेकतो. ही कल्पना पाठीच्या दृष्टीनं चांगली आहे. रबराचे किंवा पॉलियुरेथेनचे हेल्परही असेच काम करतात. एक साधी खूण लक्षात ठेवा: रिकाम्या गाडीत हेल्पर आणि त्याच्या टेकण्याच्या जागेत फट दिसली पाहिजे. फट नसेल, तर तो हेल्पर राहिला नाही, कायमचा कडक पाटा झाला.

४. एअर बॅग. पाट्यांच्या जोडीला हवेची पिशवी बसवतात. माल असताना हवा वाढवायची, रिकामी असताना कमी करायची. अगदी शून्य मात्र करायची नाही, बनवणाऱ्यानं सांगितलेली किमान हवा ठेवायची. ज्यांचं वजन रोज बदलतं, त्यांच्यासाठी हा पर्याय मला योग्य वाटतो. पण तो महाग आहे, गळू शकतो आणि हवा कमी-जास्त करण्याचा कंटाळा करणाऱ्याला काहीच फायदा देत नाही. स्वतःचा स्वभाव ओळखून निर्णय घ्या.

५. सरसकट जादा पाटा. माझ्या यादीत हा शेवटचा. गाडी जवळजवळ नेहमीच भरलेली असते, दोन्ही बाजूंनी माल मिळतो, अशांना तो चालेल. जो एका बाजूनं रिकामा येतो, त्यानं शंभरदा विचार करावा. मागचा भाग फार कडक झाला, की गाडी पुढे-मागे डोलते आणि केबिनमध्ये मागून ढकलल्यासारखे हिसके बसतात. छोटा हत्तीसारख्या गाडीत तर चालवणारा जवळजवळ पुढच्या चाकावरच बसलेला असतो. तिथे पुढचे पाटे कडक केले, तर मधे वाचवायला काहीच उरत नाही.

हौशी पिकअपवाल्यांसाठी दोन शब्द

व्ही-क्रॉस, हायलक्ससारख्या गाड्या घेतलेले काही तरुण, आणि काही साठीतलेही, लिफ्ट किटबद्दल विचारतात. हौसेला माझी ना नाही. पण नवीन स्प्रिंग किंवा पाटे निवडताना 'गाडीवर कायम किती वजन राहणार' या प्रश्नाचं खरं उत्तर द्या. वर्षातून दोनदा कॅम्पिंगचं सामान नेता म्हणून तीनशे किलोचे पाटे घेतले, तर उरलेले दिवस रोज ऑफिसला जाताना त्या न नेलेल्या सामानाची किंमत तुमची पाठ देते. गाडी उंच झाली, की गुरुत्वमध्य वर जातो, वळणावर कलण्याचा धोका वाढतो. आणि घरात गुडघेदुखीची आई किंवा सासू असेल, तर तिला आधी त्या गाडीत चढून दाखवायला सांगा. मग किट घ्या.

पाटा वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली नाही

हा गैरसमज जिवावर बेततो. पाटा वाढवून गाडी कमी बसते, एवढंच. ॲक्सल, ब्रेक, टायर, चासी तेवढेच राहतात. १.३ टनाची गाडी पाट्यानं १.७ टनाची होत नाही. उलट गाडी बसत नसल्यामुळे जास्त माल भरलाय हे डोळ्यांना कळत नाही.

काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा जोर वजनानुसार बदलणारा व्हॉल्व्ह असतो. गाडी मागून किती बसली आहे, यावरून तो वजन ओळखतो. पाटा वाढवला की गाडी बसत नाही, व्हॉल्व्हला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि माल असतानाही मागचा ब्रेक कमी लागतो. माळशेजच्या उतारावर याचा अर्थ काय, हे मी सांगायला नको. पाट्यांचं कुठलंही काम केलं, की हा व्हॉल्व्ह जुळवून घ्यावा लागतो का, हे विचारा.

कायदाही ध्यानात ठेवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी आणि आरसीतल्या नोंदींशी विसंगत ठरणारे बदल मालकाला करता येत नाहीत. जादा वजनासाठी कलम १९४ खाली २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंड आहे. अपघात झाला तर विम्याचा दावाही अडू शकतो.

गॅरेजमध्ये विचारायचे प्रश्न

- माझी तक्रार गाडी बसण्याची आहे, उडण्याची आहे, की एका बाजूला कलण्याची? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत.
- शॉकअप आणि बुश आधी बघितलेत का?
- हा आधार रिकाम्या गाडीत मोकळा राहणार का?
- नवीन पाट्याला शॉकअप पुरेल का, की तोही बदलावा लागेल?
- ब्रेकचा व्हॉल्व्ह आणि हेडलाइटचा रोख पुन्हा जुळवणार का?
- आवडलं नाही तर पूर्ववत करता येईल का?

काम झाल्यावर गाडी रिकामी चालवून बघा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या वेगानं, अर्धा तास. तेव्हाच पैसे द्या.

मागे बसणाऱ्यांबद्दल

मालाच्या गाडीत मागे माणसं बसवणं चूक आहे. तरी लग्नाला, कामाला, जत्रेला लोक जातात, हे मलाही दिसतं. मागच्या चाकाच्या वर आणि त्याच्याही मागे धक्का सर्वात जोराचा बसतो. म्हाताऱ्या माणसांची, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांची हाडं ठिसूळ असतात. गतिरोधकावर एकदा उंच उडून खाली आदळलं, तरी मणका चेपतो. एवढ्याशा आदळण्यानं मणका मोडलेल्या आजी मी पाहिल्या आहेत. कडक पाट्यांच्या रिकाम्या पिकअपमध्ये मागे आजीला किंवा गरोदर सुनेला बसवू नका. पैसे गेले तरी चालतील, एसटीनं पाठवा. एसटीतही मागच्या बाकावर बसवू नका.

चालवणाऱ्यानं रोज काय करावं?

दीड-दोन तासांनी खाली उतरा, पाच मिनिटं चाला. आणि सर्वात महत्त्वाचं: गाडी थांबली की लगेच क्रेट उचलायला जाऊ नका. बराच वेळ बसून धक्के खाल्ल्यावर पाठीचे सांधे-बंध सैल पडलेले असतात आणि स्नायू थकलेले असतात. त्याच क्षणी वाकून वीस-पंचवीस किलोचा क्रेट उचलला की कंबर धरते. उतरा, चहा प्या, थोडं चाला, मग मालाला हात लावा. गतिरोधक जवळ आला की वेग कमी करा, हे औषध फुकट आहे.

डॉक्टरकडे केव्हा?

कंबरदुखी बहुतेक वेळा काही आठवड्यांत कमी होते. पण दुखणं पायात खाली उतरत असेल, ताप असेल, वजन घटत असेल किंवा धक्क्यानंतर अचानक जोराची कळ आली असेल, तर दाखवा. आणि लघवी-संडासवरचा ताबा गेला, लघवी अडली, बैठकीच्या जागेवर बधिरपणा आला किंवा पायाची ताकद गेली, चप्पल आपोआप निसटायला लागली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या दवाखान्यात जा. इथे तासांना किंमत आहे.

माझ्या त्या पेशंटचं काय झालं? त्यानं एक पाटा काढला, शॉकअप बदलले, सीटचा फोम नवा केला, आणि व्यायामही मनावर घेतले. दुखणं गेलं नाही, पण रात्रीची झोप परत आली आणि गोळी क्वचित लागते. यात पाट्याचा वाटा किती आणि व्यायामाचा किती, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. त्याची बायको मात्र सांगते! आणि मी आता प्रत्येक ड्रायव्हर पेशंटला नाव-वय विचारून झालं की पुढचा प्रश्न विचारतो: गाडी कोणती, आणि तिला काय काय केलंय?

तुम्हीही डॉक्टरकडे जाल तेव्हा त्यांनी विचारलं नाही, तर स्वतःहून सांगा.

*(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या दुखण्याचं निदान आणि उपचार तुमच्या डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावेत. गाडीचं काम अनुभवी माणसाकडून करून घ्यावं.)*